कपाटाची किल्ली कपाटातच

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करायचं ते लिहिलं होतं. या आठवड्यात त्याच मसाल्याच्या कपाटातल्या एका डबीबद्दल लिहिते. फक्त त्या डबीत जिरं नव्हतं की लवंग नव्हती. पेनड्राइव्ह होता.

आमच्या हिवरखेडच्या बचत गटात आम्ही बाराजणी. हिशेब माझ्याकडे. पूर्वी लाल बांधणीची वही होती. दोन वर्षांपूर्वी भाच्याने लॅपटॉपवर तक्ता करून दिला. व्याज आपोआप निघू लागलं, बेरजा चुकेनाशा झाल्या आणि मी वही लिहिणं सोडून दिलं. ही माझी पहिली चूक. नोकरीसाठी पुण्याला जाताना भाचा एक पेनड्राइव्ह हातात ठेवून गेला. म्हणाला, "मामी, लॅपटॉप कधी सुरूच झाला नाही, तर हा लावायचा." मी तो डबीत घातला आणि निर्धास्त झाले. ही दुसरी.

परवा शनिवारी संध्याकाळी नेमकं तेच झालं. सोमवारी नव्या कर्जासाठी बँकेत हिशेब दाखवायचा होता. लॅपटॉप लावला, तर नुसतं चक्र फिरतंय. मग निळा पडदा, 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी, पुन्हा बंद, पुन्हा चक्र. डबीतला पेनड्राइव्ह काढून लावला. तरी तेच चक्र! तेवढ्यात गटातली एकजण दारात आली. "ताई, माह्या नावावर किती जमा हाय वं?" ऊन्हातान्हात कपाशी वेचून ती दर महिन्याला दोनशे रुपये भरते. तिला काय सांगू? "उद्या सांगते" म्हटलं खरं, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सासूबाई बाजेवरून सगळं बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "काहून वं, देऊन ठेवलं तवा एकडाव तरी लावून पाह्यलं व्हतं का?"

नव्हतं पाहिलं. सगळं तिथेच अडलं होतं.

रविवारी सकाळी गावात संगणकाचा वर्ग घेणाऱ्या सरांकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी जे केलं ते मी शेजारी बसून कागदावर उतरवून घेतलं. तुमच्यावर वेळ आली तर याच क्रमाने जा.

पहिलं म्हणजे, नुसता पेनड्राइव्ह खोचून भागत नाही. लॅपटॉप सवयीने आधी स्वतःच्या पोटातली डिस्क बघतो, जशी लहान मुलं शाळेतून आली की आधी स्वयंपाकघरात शिरतात. त्याला सांगावं लागतं की आज बाहेरून सुरू हो. बटण दहा सेकंद दाबून लॅपटॉप पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपलाच लावा, मधे जोडपट्टी नको. मग चालू करताक्षणी एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप ही कळ भराभर टिचकवत राहा. कंपनीगणिक कळ वेगळी असते. एक यादी येईल, तीत पेनड्राइव्हचं नाव निवडा. यादीत नावच दिसलं नाही, तर दुसऱ्या खाचेत लावून बघा.

दुसरं, आणि इथेच आमचं घोडं पेंड खात होतं. भाच्याने विंडोजची एक मोठी फाइल पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली होती. म्हणजे उडदाच्या डाळीची थैली डब्यात ठेवायची आणि म्हणायचं, पापड तयार आहेत! फाइल ठेवणं वेगळं आणि पेनड्राइव्ह सुरू होण्याजोगा 'बनवणं' वेगळं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच साधन मिळतं, त्याला निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. सरांनी आपल्या संगणकावर तो नव्याने बनवून दिला. असा नीट बनवलेला असला, तर 'सिक्युअर बूट' नावाचा जो पहारेकरी लॅपटॉपच्या दारात बसलेला असतो, तो आडवा येत नाही. कोणी म्हणालं, पहारेकरीच काढून टाका, तर घाई करू नका. त्याला हात लावला की पुढचं कुलूप आणखी घट्ट बसू शकतं.

ते पुढचं कुलूप म्हणजे तिसरी गोष्ट. नव्या पेनड्राइव्हने लॅपटॉप सुरू झाला, मी हात जोडले, तोच त्याने ४८ आकडी किल्ली मागितली! बिटलॉकर म्हणतात त्या कुलपाची. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कोणाला वाचता येऊ नये म्हणून ते असतं. २०२४ च्या अखेरीपासूनच्या विंडोज ११ मध्ये नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला, की बहुतेक वेळा ते आपोआप लागतं. आपण लावलेलं नसतं, म्हणून आपल्याला ठाऊकही नसतं. आमची किल्ली भाच्याच्या नावच्या खात्यात निघाली. पुण्याला फोन लावला. तो एकेक आकडा सांगतोय, मी लिहितेय, सर दाबताहेत!

चौथं फार सांभाळायचं. पुढे पडद्यावर बरेच पर्याय येतात. 'पेनड्राइव्हवरून पूर्ववत करा' किंवा 'नव्याने बसवा' अशा अर्थाचं काही दिसलं तर थांबा. त्यात लॅपटॉप वाचतो, पण तुमचे हिशेब, फोटो पुसले जाण्याची पाळी येते. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. त्याने झालं नाही, तर शेवटचं आलेलं अपडेट काढून टाकायचा पर्याय असतो. आमचा लॅपटॉप त्यानेच उठला. तक्ता जसाच्या तसा होता. पहिलं काम काय केलं असेल, तर बाराहीजणींची पानं छापून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्यासारख्या बायकांचंच होतं. मुळीच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि मोठमोठ्या कचेऱ्यांतली जाणती माणसं एकेका संगणकापाशी बसून हीच ४८ आकडी किल्ली शोधत होती!

तेव्हा एवढं करा. लॅपटॉप चांगला चालतोय तोवरच, शोधण्याच्या जागी 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं इंग्रजीत टाइप करा आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर तो बनवून घ्या. १६ जीबीचा चालतो, ३२ चा घेतला तर चिंता नको. त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून बारशाचे फोटो असलेला घेऊ नका. वेळ बराच लागतो, वरणाला फोडणी देऊन भाकऱ्या थापून घ्या. पण लक्षात ठेवा, यात तुमचे कागद आणि फोटो येत नाहीत. त्यांची नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर करायची. आणि ती ४८ आकडी किल्ली वहीत लिहून रेशनकार्ड, सातबारा यांच्याबरोबर ठेवायची. लॅपटॉपमध्येच लिहून ठेवली, तर कपाटाची किल्ली कपाटातच.

खंडेनवमीला आपण विळी, शिलाई यंत्र पुजतो, हल्ली लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी हा पेनड्राइव्ह लावून बघायचा. पर्यायांचा पडदा दिसला की बंद करायचं, पुढे काही दाबायचं नाही. विंडोज बदलत राहतं, म्हणून वर्षातून एकदा तो नव्याने बनवलेलाही बरा. विरजण लागतं की नाही हे पाहुणे जेवायला बसल्यावर बघून कसं चालेल?

सोमवारी बँकेचं काम झालं. संध्याकाळी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिच्या नावचा छापील कागद तिच्या हातात दिला. तिने तो घडी करून देव्हाऱ्यात ठेवला. घरी आल्यावर मी लाल बांधणीची वही काढली आणि राहिलेली दोन वर्षं लिहायला घेतली.