डोंगर रविवारी, कॉलेज रोज!

ई-सायकल घ्यायचा विचार चाललाय? मग जाहिरातीतला तो फोटो आधी डोक्यातून काढून टाका. धुकं, लाल माती, जाडजूड टायर आणि हवेत उडी मारणारा हसरा तरुण. आता तुमचा सोमवार आठवा. साडेसातचं लेक्चर, पाठीवर लॅपटॉपची सॅक, कर्वे रोडची गर्दी आणि सिग्नलला शेजारी धूर सोडत उभी असलेली बस. तुमची सायकल महिन्यातले २५ दिवस हेच करणार आहे. डोंगर येणार तो रविवारी, तोही सगळे मित्र वेळेवर उठले तर!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बजेट ३०-४० हजारांचं असेल आणि सायकलवर 'सिटी आणि ट्रेल, दोन्हीसाठी' असं लिहिलेलं असेल, तर सिटी आधी बघा. गंमत अशी की, ट्रेलवर जे खरोखर लागतं, म्हणजे भरवशाचे ब्रेक, हलका गिअर आणि पुरेशी बॅटरी, ते शहरातही लागतंच. आणि ज्यामुळे सायकल नुसती डोंगराळ 'दिसते', म्हणजे चार इंची टायर, रंगीत डिस्प्ले आणि ढोबळ सस्पेन्शन, त्याने खिसा हलका होतो आणि सायकल जड.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथेच सगळ्यांत जास्त थापा ऐकायला मिळतात. मोटर वाहन नियमांनुसार मोटर २५० वॉटपर्यंतची, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंपेक्षा कमी असेल, तर ती गाडी 'मोटर वाहन' धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, विमा नको. या लेखासाठी मी चार दुकानं फिरले. त्यातल्या एकात विक्रेत्याने हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, अनलॉक करून देतो, चाळीसने पळेल." ऐकायला भारी वाटतं. पण त्या क्षणी तुमची सायकल कायद्याच्या लेखी सायकल उरत नाही. ती विनानोंदणी, विनाविमा मोटर गाडी होते. चौकात कुणा आजोबांना धक्का लागला, तर 'अहो, सायकलच तर आहे' हे वाक्य कामाला येणार नाही. शिवाय सायकलचे ब्रेक ४० च्या वेगासाठी बनवलेले नसतात, हे वेगळंच. तेव्हा अनलॉकची ऑफर आली की नमस्कार करून बाहेर पडा.

आता बॅटरी. खोक्यावर 'रेंज ५० किमी' असं ठळक छापलेलं असतं. ते वाचू नका. दोन आकडे विचारा : किती व्होल्ट आणि किती एएच, म्हणजे ॲम्पिअर-अवर. दोघांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट आणि ७.५ एएच म्हणजे २७० वॉट-अवर. ही तुमची टाकी. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर सपाट रस्त्याने गेलात, तर किलोमीटरला साधारण १० ते १५ वॉट-अवर जातात. म्हणजे २७० मध्ये १८ ते २७ किलोमीटर. स्वतः नीट पॅडल मारलंत आणि मोटरची फक्त मदत घेतलीत, तर हाच आकडा बराच वर जातो. खोक्यावरचे ५० हे बहुतेक वेळा सडपातळ माणूस, सपाट रस्ता आणि सगळ्यांत कमी मदत असं गृहीत धरून काढलेले असतात. तुमच्या सॅकचं वजन त्यात कुणी धरलेलं नसतं.

चढाचं गणित तर अकरावीच्या फिजिक्सचंच आहे. तुम्ही, सायकल आणि सॅक मिळून १०० किलो धरा. ५०० मीटर उंच चढायचं म्हणजे १०० गुणिले ९.८ गुणिले ५००, अर्थात ४ लाख ९० हजार ज्यूल. ३६०० ने भागा, झाले १३६ वॉट-अवर. मोटर थोडी ऊर्जा उष्णतेत घालवते, ती धरली की १८० ते १९०. म्हणजे सिंहगडासारखा घाट नुसत्या थ्रॉटलवर चढायला गेलात, तर छोट्या बॅटरीचा बराचसा भाग वर पोचेपर्यंत संपलेला असेल. अर्ध्या घाटातच ती संपली, तर पंचवीस किलोंचं लोखंड पायांनी ढकलायचं. मित्र त्याचे रील्स काढतील, मदत करणार नाहीत!

यातून एक धडा निघतो. स्वस्त ई-सायकलीत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेली असते. ती चाक थेट फिरवते, गिअरचा फायदा तिला मिळत नाही. चढावर चाकाचा वेग मंदावला की ती धापा टाकते, तापते, आणि बॅटरी पाण्यासारखी ओतते. पॅडलच्या जागी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर गिअरचा फायदा घेते, पण ती आपल्या बजेटच्या बाहेर. म्हणून हब मोटरवाली सायकल घेताना मागे निदान ७ गिअर असलेलीच घ्या. चांदणी चौकाचा चढ असो किंवा कोल्हापूरकरांचा जोतिबाचा, खालचा गिअर टाकायचा, पाय फिरते ठेवायचे आणि मोटरला फक्त हातभार लावू द्यायचा. एकच गिअर असलेली सायकल पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळाली, तरी ज्याला टेकडी चढायची आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुकानात गेल्यावर आणखी चार गोष्टी बघा. पहिली, ब्रेक. ही सायकल साध्या सायकलीपेक्षा कितीतरी जड असते, त्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क ब्रेक हवेतच. ब्रेक दाबताक्षणी मोटर बंद होते का, हे चाक उचलून तपासा. दुसरी, टायर. दोन ते सव्वादोन इंच रुंदीचे टायर शहरातले खड्डे आणि टेकडीवरची पायवाट दोन्ही सांभाळतात. ट्रेलवर थोडी हवा कमी करायची, परतताना भरायची, बास. तिसरी, वजन. तुमची रूम तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही? मग सायकल उचलून दुकानाच्या दोन पायऱ्या चढून बघा. चौथी, बॅटरी काढता येते का? पीजीत राहणाऱ्यांसाठी हा कळीचा मुद्दा. सायकल खाली, बॅटरी वर. काकूंना आधी विचारून चार्जिंगला लावा, म्हणजे बिलावरून वाद नको. तसंही २७० वॉट-अवरच्या एका फुल चार्जला साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरलं तरी तीन-साडेतीन रुपये. कटिंग चहासुद्धा यापेक्षा महाग आहे.

आणि हो, दुकानाबाहेर चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका. पॅडल मारायला लागल्यावर मोटर कधी सुरू होते आणि थांबवल्यावर कधी थांबते, याकडे लक्ष द्या. स्वस्त सायकलीत पॅडल फिरतंय की नाही एवढंच सेन्सरला कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते कळत नाही. त्यामुळे मदत किंचित उशिरा आणि एकदम येते. सपाट रस्त्यावर याची सवय होते. पण अरुंद पायवाटेवर, एका बाजूला दरड असताना, हा एकदम बसणारा धक्का महागात पडू शकतो. तिथे मदतीची लेव्हल एकवर ठेवा.

'एवढ्या पैशांत सेकंडहॅन्ड स्कूटर येईल की!' घरून हे वाक्य येणारच. त्यात तथ्यही आहे. तुमचं कॉलेज घरापासून २०-२५ किलोमीटरवर असेल, रोज बहिणीला मागे बसवून सोडायचं असेल, तर ई-सायकल घेऊ नका. तुमच्यासाठी स्कूटर, बस किंवा मेट्रोच बरी. पण एका बाजूचं अंतर ५ ते १० किलोमीटर असेल, तर हिशेब बदलतो. पेट्रोल शंभरीपार आहे, स्कूटरला विमा आणि पीयूसी आलंच, आणि वय १८ नसेल तर लायसन्सही नाही. अकरावी-बारावीतली कितीतरी मुलं आज लायसन्सशिवाय आई-बाबांची ॲक्टिव्हा पळवतात आणि सगळे त्याकडे काणाडोळा करतात. त्यांच्यासाठी २५ ची मर्यादा असलेली सायकल हा कायदेशीर आणि कमी धोक्याचा मार्ग आहे. घरच्यांना पटवताना हा मुद्दा आधी मांडा.

मात्र एक खर्च प्रामाणिकपणे धरायला हवा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० ते ८०० फुल चार्जनंतर थकायला लागते. अडीच दिवसांनी एकदा फुल चार्ज धरलं, तर साधारण साडेतीन ते साडेपाच वर्षं. म्हणजे डिग्री संपेपर्यंत. नवी बॅटरी ही सायकलमधली सगळ्यांत महाग वस्तू असते, म्हणून तिची किंमत सायकल घेतानाच विचारा आणि वॉरंटी कागदावर घ्या. दुकानदाराला ती सांगता येत नसेल, तर ते दुकान सोडा. ऑनलाइन पाच हजार वाचवण्यापेक्षा शहरात सर्व्हिस सेंटर असलेली कंपनी निवडा. मागच्या चाकात मोटर आणि वायर असल्याने कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काका चाक खोलायला बिचकतो. चाक न काढता ट्यूब बाजूने ओढून पंक्चर काढता येतं, हे शिकून घ्या आणि योग्य मापाचा पाना सॅकमध्ये ठेवा. पावसात चालवायला हरकत नाही, पण प्रेशर पाइपने धुऊ नका. आणि रात्रभर दाराजवळ बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका. आग लागलीच, तर बाहेर पडायची वाट तीच असते.

आता टेकडीबद्दल थोडं कडू. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी ही पहाटे चालणाऱ्यांची, पक्ष्यांची आणि मोरांचीही जागा आहे. यातला काही भाग वनखात्याकडे आहे. फलक वाचा, गार्डला विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद न घालता परत फिरा. पावसाळ्यात ओल्या मातीवर जड सायकल घातली की चाकोरी पडते, त्यातून पाणी वाहतं आणि पायवाटच धुपून जाते. मोटर आहे म्हणून नवीन वाट पाडायची, हे ट्रेल रायडिंग नव्हे. चालणारी माणसं दिसली की थ्रॉटल सोडा. शहरात आपण एसयूव्हीवाल्यांना शिव्या घालतो ना? टेकडीवर आपण त्यांच्या जागी असतो.

शेवटचा मुद्दा सायकलचा नाही, तिच्या जागेचा आहे. २०१७ मध्ये पुण्यात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, विद्यापीठाच्या आवारातही दिसल्या, आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. नुसती सायकल आणून भागत नाही, तिला रस्ता आणि थांबायला जागा लागते, एवढं तरी त्यातून कळायला हवं होतं. तुमच्या कॉलेजचं पार्किंग बघा. बाइकच्या रांगाच रांगा, आणि सायकलसाठी भिंतीकडेची चिखलाची पट्टी. तिथे फ्रेम बांधायला साधा लोखंडी पाइपसुद्धा नसतो. ४० हजारांची सायकल तिथे कुणी कशी ठेवावी?

म्हणून सायकल घ्याल तेव्हा एक अर्जही लिहा. प्राचार्यांच्या नावे, वर्गातल्या वीस जणांच्या सह्यांनिशी. मागणी तीनच गोष्टींची : जमिनीत पक्का रोवलेला स्टँड, वर पत्रा आणि वॉचमनची नजर पडेल अशी जागा. चार्जिंग पॉइंट नंतर मागू. या तिन्हीचा खर्च गॅदरिंगच्या डीजेपेक्षा जास्त येणार नाही. स्टँड झाला, तर पुढच्या वर्षी साध्या सायकलवाल्या ज्युनिअर्सनाही तो मिळेल, आणि ई-सायकल परवडत नाही त्यांची सायकलही उन्हापावसात गंजणार नाही.