तीन मीटरची गाडी



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सासूबाईंना डोळे तपासायला टिळक रोडला नेलं होतं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, मधुमेह आहे आणि सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून मी घाईघाईने निघाले आणि सव्वापाचला आमच्या गल्लीत पोचले. घरी भाकरी आणि दुधीची भाजी झाकून ठेवलेली होती. पण आमच्या पार्किंगच्या पट्ट्यात शेजारची भली मोठी गाडी हातभर आत आलेली, आणि तिचे मालक फोन उचलेनात. सासूबाईंना लिफ्टपर्यंत हात धरून न्यावं लागतं, गल्लीच्या तोंडाशी एकटं उतरवता येत नाही. गाडी मध्येच उभी करावी तर मागे रिक्षा, टेम्पो, हॉर्न. आमची चार मीटर चाळीसची सेडान घेऊन मी पाऊण तास पेठेतून फिरले. एका बाजूला पी-१, दुसऱ्या बाजूला पी-२, कुठे दुकानासमोर कुंड्या ठेवलेल्या. जागा दोनदा दिसली, दोन्ही वेळा गाडी बसली नाही.

घरात पाऊल ठेवलं तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत, णमोकार म्हणून झोपल्या. रात्री दीडच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, साखर खूप खाली गेली होती. डॉक्टरांना फोन करून, हातापाया पडून त्यांना साखरपाणी पाजलं. चाळीस वर्षांचा नियम त्या रात्री मोडला, आणि तो मोडायचं कारण काय, तर गाडी लावायला जागा नव्हती.

त्यानंतर घरात गाडी बदलायचा विषय निघाला. आमच्या ह्यांचं आणि मुलाचं मत एकच, मोठी एसयूव्ही घ्यावी. उंचावर बसतो, रस्ता दिसतो, सांगलीला जाताना सगळे मावतात. मी मात्र शिवणाच्या डब्यातली टेप काढून खाली पार्किंगमध्ये गेले.

आमचा पट्टा साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर तीस रुंद. आजच्या मोठ्या एसयूव्ही चार मीटर साठच्या पुढे आणि एक मीटर नव्वद रुंद असतात. म्हणजे लांबी बाहेर येणार, आणि पट्ट्याच्या मधोमध गाडी लावली तर दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर उरणार. वीस सेंटिमीटरच्या फटीतून अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कशी उतरेल? मुलगा म्हणाला, "आई, आजीला आधी बाहेर उतरवायचं." बाहेर म्हणजे कुठे? गल्लीतच ना!

रुंदी दीड मीटर असेल आणि गाडी एका भिंतीला टेकवून लावली, तर दुसऱ्या बाजूला ऐंशी सेंटिमीटर मिळतात. तेवढ्यात दार पुरेसं उघडतं, काठी टेकता येते आणि मी हात धरायला उभी राहू शकते. माझा निर्णय तिथेच झाला.

छोटी गाडी म्हटली की आपल्याकडे प्रत्येकाला नॅनो आठवते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी ती दाखवली, २००९ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये बंद पडली. मागे ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, लांबी जेमतेम तीन मीटर दहा, वजन सहाशे किलोच्या आसपास, आणि आत चार माणसं खरोखरच आरामात बसायची. पेठेत वळवायला तिच्यासारखी गाडी नव्हती. पण तिला 'लाखाची गाडी', 'सर्वांत स्वस्त गाडी' असं नाव पडलं. स्वस्त म्हणून मिरवलेली वस्तू आपल्याकडे लग्नाच्या मांडवासमोर कोण उभी करणार? हे नाव चिकटल्याने नुकसान झालं, असं पुढे टाटांनीही बोलून दाखवलं. माझ्या मते ही गाडी तिच्या आकारामुळे हरली नाही, 'लोक काय म्हणतील' यामुळे हरली. त्याआधी २००१ मध्ये बंगळुरूहून रेवा नावाची विजेवरची बुटकी गाडी आली होती. लंडनमध्ये ती जी-विझ नावाने विकली गेली, आपल्याकडे तिच्याकडे लोक कौतुकाने बघायचे आणि विकत मात्र दुसरीच घ्यायचे.

जपानमध्ये उलटं आहे. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्गच कायद्याने ठरवलेला आहे. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, त्यापुढे नाही. या गाड्यांना कर कमी. तिथे गाडी घेताना ती कुठे लावणार याचा दाखला द्यावा लागतो, आणि केई गाड्यांना बऱ्याच ठिकाणी या नियमात सवलत मिळते. आजही तिथे नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास केई असतात. श्रीमंत देश आहे, मोठी गाडी परवडत नाही असं नाही.

आपल्याकडे सरकारने रेघ ओढली ती चार मीटरवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि मोठ्यांना ४० टक्के. चांगलं आहे. पण तीन मीटरची आणि तीन मीटर नव्व्याण्णव सेंटिमीटरची गाडी या हिशेबात सारखीच. म्हणून कंपन्या चार मीटरला अगदी टेकून गाड्या काढतात, आणि त्याहून लहान करून कुणाचा फायदा होत नाही. वजनाचा तर विचारच नाही. एकट्या साठ किलोच्या बाईला भाजी आणायला दीड-पावणेदोन टन लोखंड हलवायचं, यात कुणालाच वावगं वाटत नाही. गाडी हलकी असली की बॅटरीही लहान चालते. एमजीच्या कॉमेटची लांबी तीन मीटरच्याही आत, बॅटरी १७.३ युनिटची, रात्री घरच्या प्लगवर लावली की सकाळी तयार. शहरातल्या माणसाला रोज याहून किती लागतं?

आता दुसरी बाजू, कारण आमच्या ह्यांनी ती रोज जेवताना ऐकवली आणि त्यात तथ्य आहे. हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर मार हलकीला जास्त बसतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले होते. आता नियम कडक झालेत, लहान गाड्यांतही एअरबॅगा आल्यात, पण द्रुतगती मार्गावर ट्रकच्या शेजारून मी तीन मीटरची गाडी नेणार नाही, आणि कुणी न्यावी असंही म्हणणार नाही. पण आपण गाडी नेतो कुठे? मी घरातल्या कॅलेंडरवर जानेवारी ते मार्च नोंद ठेवली, दूधवाल्याची ठेवतो तशी. गाडी ६१ वेळा बाहेर निघाली. त्यातल्या ५२ वेळा ती शहरातल्या शहरात होती आणि आत दोघं किंवा एकटी मीच. मंदिर, दवाखाना, मंडई, बँक. शहराबाहेर चारच वेळा गेलो. चार वेळांसाठी उरलेले सगळे दिवस एवढं मोठं धूड सांभाळायचं, ते धुवायचं, त्यासाठी गल्लीत भांडायचं? सांगलीला जायला रेल्वे आहे, नाहीतर टुरिस्ट गाडी करता येते. दोन्हींचा वर्षाचा खर्च मी मांडून दाखवला, तेव्हा हे गप्प झाले. मुलगा अजून गप्प झालेला नाही.

मार्चअखेर आम्ही गाडी घेतली. कुठली ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात वाटायची. तीन मीटरच्या जरा आतबाहेर आहे एवढं समजा. सासूबाई आता काठी टेकून स्वतः उतरतात. दशलक्षण पर्वात मंदिराच्या गल्लीत काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. तिथे दोन स्कूटर आणि विजेचा खांब यांच्यामध्ये माझी गाडी बसली, तेव्हा बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होती. (असा आनंद पर्वाच्या दिवसांत मानू नये, कळतं मला.)

एक मात्र सांगते. छोटी गाडी मोठीच्या जागी यायला हवी, तिच्या जोडीला नाही. माझ्या ओळखीत तीन घरांत 'बायकांना गावात फिरवायला' छोटी गाडी घेतली आणि मोठी तशीच ठेवली. म्हणजे गल्लीत एकाच्या दोन झाल्या. परिग्रहाच्या मर्यादेच्या यादीत पहिलं नाव क्षेत्राचं येतं, म्हणजे जमिनीचं. आपण सोनं मोजतो, साड्या मोजतो, पण गल्लीतली जमीन अडवून ठेवतो तिचं माप कधी घेत नाही. ती आपली नाही असं वाटतं म्हणून असेल.

आमच्या सोसायटीत पार्किंगचे पैसे दर गाडीमागे सारखे आहेत, लांबी कितीही असो. रस्त्यावरच्या पे अँड पार्कलाही चारचाकी म्हणजे चारचाकी. माझं म्हणणं आहे की पैसे लांबीवर घ्यावेत. दोन लहान गाड्यांची जागा अडवता, तर तेवढे द्या. मागच्या सभेत मी हे मांडलं तेव्हा एक काका म्हणाले, "वहिनी, मग आमच्या पोटाचा पण कर लावाल!" सगळे हसले, मीही हसले. पण विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला, आणि पुढच्या महिन्याच्या सभेत तो पाचव्या क्रमांकावर आहे. शेजारच्या त्या लांब गाडीच्या मालकांनी पाठिंबा दिलाय. डिसेंबरातली ती रात्र त्यांना फार उशिरा कळली. तेव्हापासून ते गाडी गल्लीच्या टोकाला लावतात आणि चालत येतात.

तुमच्या इमारतीतला पट्टा किती लांब-रुंद आहे, आणि त्यात कुठली गाडी उभी असते, ते मला कळवा. सभेच्या आधी कळवलंत तर फारच बरं.