स्वार्थी म्हणे!

एखाद्या माणसाला एकदा नाव पडले की त्याचे पुढचे सगळे आयुष्य त्या नावाची हमाली करण्यात जाते. खेळाच्या मैदानावर तर हे फारच लवकर घडते. रसेल वेस्टब्रुक या अमेरिकन बास्केटबॉलपटूला असेच एक नाव पडले आहे : स्वार्थी. ते कोणी ठेवले आणि केव्हा ठेवले, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही. पण तिकडचे सामने इकडे पहाटे उठून पाहणारी आमच्या ओळखीतली चार मंडळीदेखील ते नाव असे घेतात, की जणू ते त्याच्या जन्मदाखल्यावरच लिहिलेले होते. माझे एक स्नेही, एरवी अत्यंत न्यायबुद्धीचे गृहस्थ, परवा मला म्हणाले, "अहो, त्याचे काय घेऊन बसलात? तो दुसऱ्याला चेंडू देतो तोसुद्धा स्वतःच्या खात्यावर जमा व्हावा म्हणून!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण विचार करता असे दिसले की, या वाक्याला उत्तरच नाही. चेंडू दिला नाही तर स्वार्थी. दिला तर अधिकच स्वार्थी. ज्या आरोपातून सुटण्याची वाटच ठेवलेली नाही, तो आरोप नव्हे, तो शिक्का होय. आणि शिक्क्याची चौकशी व्हावी, असे मला वाटते.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बास्केटबॉलमध्ये पाच खेळाडूंपैकी एक जण चेंडू पुढे आणतो, कुणी कुठे धावायचे ते ठरवतो आणि योग्य क्षणी योग्य माणसाच्या हाती चेंडू ठेवतो. त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. आपल्या जुन्या नाटकातला सूत्रधारच म्हणा ना! सूत्रधाराने नांदी म्हणावी, पात्रांचा प्रवेश करवावा आणि बाजूला व्हावे, अशी रसिकांची अपेक्षा. वेस्टब्रुक हा नायकाचे संवादही स्वतःच म्हणणारा सूत्रधार. तेव्हा प्रेक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, यात नवल नाही.

फिर्यादीची बाजू मी लपवून ठेवणार नाही. २०१६-१७ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटीच्या संघाचा जवळजवळ सगळा कारभार या एकट्याने हाकला. सामन्यामागे ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून उसळून आलेले चेंडू, आणि १०.४ असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केला असे पास. तिन्ही रकाने दोन आकड्यांत. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये हे केले होते. त्यानंतर कुणाला साधले नव्हते. त्या वर्षी वेस्टब्रुक सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच वसंतात ह्यूस्टनविरुद्धच्या बाद फेरीतल्या दुसऱ्या सामन्यात त्याने बास्केटकडे ४३ वेळा चेंडू फेकला आणि त्यांतले १७ आत गेले. शेवटच्या पावभागात तर १८ पैकी ४. गुण ५१ झाले आणि सामना हातचा गेला. दूरवरून तीन गुणांसाठी मारलेले त्याचे दहांपैकी जेमतेम तीन फटके लागतात, हे त्याच्यावाचून सर्वांना ठाऊक होते. पुढे २०२१-२२ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात गेला. तो संघ ४९ सामने हरला आणि बाद फेरीच्या उंबरठ्यापर्यंतही पोचला नाही. तिथे त्याला स्वतःची रीत बदलता आली नाही, हे उघड आहे.

एवढे सगळे मान्य. पण यातून सिद्ध काय होते? त्याचा अंदाज चुकतो, हे सिद्ध होते. त्याला थांबता येत नाही, हेही सिद्ध होते. स्वार्थ कुठे सिद्ध झाला? चुकणे हा बुद्धीचा दोष; स्वार्थ हा मनाचा दोष. घाट चढताना बैल उधळला तर आपण त्याला आवरत नाही म्हणतो, कामचुकार म्हणत नाही.

स्वार्थाची माझी कसोटी साधी आहे. स्वार्थी माणसाच्या शेजारी बसणाऱ्याचे पान रिकामे राहते. आता वेस्टब्रुकच्या शेजारी कोण कोण बसले आणि त्यांच्या पानात काय पडले, ते पाहू. केव्हिन ड्युरंट हा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू म्हणून चार वेळा पहिला आला : २०१०, २०११, २०१२ आणि २०१४. चारही वेळा तो याच सूत्रधाराच्या संघात होता. २०१८-१९ मध्ये शेजारी होता पॉल जॉर्ज. सामन्यामागे २८ गुण घेऊन तो साऱ्या लीगमध्ये दुसरा आला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनला शेजारी जेम्स हार्डन, ३४.३ गुण, पहिला क्रमांक. त्यापुढच्या वर्षी वॉशिंग्टनला ब्रॅडली बील, ३१.३ गुण, पुन्हा दुसरा क्रमांक. तीन वर्षे, तीन गावे, तीन सोबती, आणि प्रत्येक जण पहिला किंवा दुसरा! हे सगळे थोर खेळाडू होते, वेस्टब्रुकने त्यांना घडवले असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो की, हा माणूस ताटावरचे ओरबाडून खाणारा असता, तर त्याच्या पंक्तीला बसलेले सगळेच ढेकर देऊन कसे उठले असते?

यावर माझे स्नेही म्हणतील, "पण ते रिबाउंड? ते तर त्याने सहकाऱ्यांच्या हातातून घेतले!" खरे आहे. स्टीव्हन ॲडम्ससारखा धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरी आणि चेंडू वेस्टब्रुक उचली. पण यामागे एक युक्ती होती. उंच खेळाडूने चेंडू धरला, तर त्याने तो गार्डला शोधून द्यायचा आणि मग गार्डने निघायचे. तेवढ्यात प्रतिस्पर्धी सावध होतात. गार्डनेच चेंडू धरला तर तो त्याच पावली पळत सुटतो. हंगामाच्या अखेरीस विक्रम दिसू लागल्यावर त्याने चार चेंडू आकड्यांसाठीही धरले असतील. मी त्याला संत ठरवायला निघालेलो नाही. पण हिशेबच हवा असेल तर पुरा करा. त्या वर्षी ज्या ४२ सामन्यांत त्याचे तिन्ही रकाने दोन आकडी झाले, त्यांतले ३३ सामने संघाने जिंकले आणि ९ गमावले. उरलेल्या ४० सामन्यांत विजय १४, पराभव २६. त्याच्या आकड्यांची भूक संघाच्या पोटावर पाय देणारी होती, असे या हिशेबावरून तरी म्हणता येत नाही.

हा शिक्का काही आजचा नाही. विल्ट चेंबरलेनलाही जन्मभर हेच ऐकावे लागले, की हा नुसते गुण जमवतो, चेंडू देत नाही. तेव्हा त्याने १९६७-६८ च्या हंगामात असे पास दिले, की असिस्टच्या एकूण संख्येत तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. मग लोक म्हणू लागले, आता हा असिस्ट जमवतो! वेस्टब्रुक सामन्यामागच्या असिस्टमध्ये २०१८, २०१९ आणि २०२१ असा तीन वेळा पहिला आला. त्याच्याबद्दलही नेमके हेच बोलले गेले. टीकाकार बदलले, पन्नास वर्षे लोटली, वाक्य मात्र तेच राहिले.

खरा स्वार्थी खेळाडू ओळखायचा असेल तर पराभवाच्या वेळी ओळखावा. तो अवघड फटका दुसऱ्याला मारायला लावतो. आपली सरासरी जपतो. चूक झाली तर ती दुसऱ्याच्या नावावर पडेल अशा जागी उभा राहतो. वेस्टब्रुकने आयुष्यात एकदाही अशी जागा शोधली नाही. वेळ संपत आली की तो स्वतः चेंडू मागून घेई. ९ एप्रिल २०१७ ला डेन्व्हरमध्ये त्याने शेवटच्या क्षणी भलत्याच अंतरावरून चेंडू फेकला. तो आत गेला आणि एका गुणाने सामना जिंकला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या गावच्या लोकांनीही जल्लोष केला. आत गेला नसता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव! आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, क्लिपर्सचा संघ हरत असताना, सुरुवातीच्या पाचांतली जागा सोडून मी मागून येतो, असे त्याने स्वतःहून प्रशिक्षकाला सांगितले. ही गोष्ट मात्र आमची पहाटेची मंडळी कधी काढत नाहीत.

इतक्या दूरच्या माणसाची वकिली मी का करतो, असे वाचक विचारतील. कारण मीही एकदा असा शिक्का मारला आहे. मी शाळेत शिकवीत असताना संघाची देखरेख माझ्याकडे होती. एक मुलगा होता; चेंडू हाती आला की सोडत नसे. संघ आंतरशालेय सामन्यात हरला आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला : 'संघवृत्ती नाही.' पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. मला तेव्हा जरा समाधानच वाटले होते. बाकीचे चौघे चेंडू हाती येताच घाबरून पुन्हा त्यालाच परत देत, हे मी त्या सामन्यात माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पण त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर मी काहीच लिहिले नाही. भित्रेपणा हा आपल्याकडे संघवृत्तीतच जमा धरला जातो.

आपल्या कचेऱ्या आणि संस्था पाहा. काम अंगावर घेणारा एक आणि त्याला 'सगळे याच्याच हातात पाहिजे' म्हणणारे दहा. तो चुकतो, कारण तो करतो. त्याला थांबायला शिकवावे, वाटून द्यायला शिकवावे, प्रसंगी त्याच्याशी भांडावे. ते सगळे योग्य. पण 'स्वार्थी' हा शब्द काढण्यापूर्वी बाकीच्यांचे हात कुठे होते, ते एकदा पाहावे. मी ते पाहिले नाही. तो शेरा आजही कुणाच्या तरी घरी जुन्या ट्रंकेत पडलेला असेल, आणि त्याखाली सही माझी आहे.