झाडावरचा राघू
बालमित्रांनो, ‘झाडावर राघू बसला आहे’ याचं इंग्रजी करा पाहू! ‘ऑन द ट्री’ म्हणालात ना? इथं आखाडा बाळापुरात चौथीतल्या एका मुलीनं ‘इन द ट्री’ लिहिलं आणि मी चक्क लाल फुली मारली. घरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं, तर तिचंच बरोबर! पानाफांद्यांच्या आत बसलेला राघू ‘इन’. झाडाला लागलेला आंबा मात्र ‘ऑन’. (नुसती फांदी म्हटली, तर राघूलाही ‘ऑन’च हं!) आणि डोक्यावरचा पंखा? तो टेकलेला नाही, म्हणून ‘ओव्हर’. आपलं ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय सगळीकडे धावतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिचा गुण परत दिला. आता तुम्ही सांगा, भिंतीवरचं घड्याळ?