प्लास्टिकची सावकारी आणि कायद्याची ढाल

कष्टकऱ्याने पोटाला चिमटा काढून बँकेत ठेवलेल्या बचतीवर देशातील मोठ्या बँका आज वर्षाला सुमारे अडीच टक्के व्याज देतात. त्याच बँका आपल्या क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के आकारतात. ठेवीदाराला जे वर्षभरात मिळत नाही, ते कर्जदाराकडून एका महिन्यात उकळले जाते. पावणेचार टक्के हा आकडा कानाला किरकोळ वाटतो, आणि तो तसा वाटावा म्हणूनच महिन्याच्या हिशेबाने सांगितला जातो. बारांनी गुणले की तो पंचेचाळीस होतो. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. घरबांधणीच्या कर्जाचे हप्ते त्यामुळे थोडेफार उतरले. कार्डाच्या व्याजाला मात्र या घसरणीचा स्पर्शही झाला नाही. उलट अनेक बँकांनी साडेतीनचा दर गेल्या काही वर्षांत पावणेचारवर नेऊन ठेवला आहे.

या व्यवहाराचे यंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे. समजा एखाद्यावर ५० हजार रुपयांची थकबाकी आहे. बँकेच्या बिलावर ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम' छापलेली असते, आणि ती सामान्यतः पाच टक्के, म्हणजे अडीच हजार रुपये असते. तेवढे भरले की आपण नियमित आहोत, असा माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात पावणेचार टक्क्यांनी महिन्याचे व्याज झाले १,८७५ रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ३३७ रुपये ५० पैसे. अडीच हजारांपैकी २,२१२ रुपये ५० पैसे असे गेले; मुद्दलातून वजा झाले ते २८७ रुपये ५० पैसे. कार्डावर एका पैशाची नवी खरेदी न करता तो गृहस्थ वर्षभर दरमहा बाकीच्या पाच टक्के भरत राहिला, तर सुमारे २९ हजार रुपये त्याच्या खिशातून जातील आणि वर्षाअखेर त्याच्या डोक्यावर ४६ हजार ६०० च्या आसपास कर्ज शिल्लक राहील. शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीवर पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानात कार्ड पुढे केले त्या दिवसापासून व्याजाचे मीटर सुरू होते.

वर उल्लेखिलेला कर हा या प्रकरणातला कमी बोलला जाणारा भाग आहे. कर्जाच्या व्याजावर वस्तू व सेवा कर लागत नाही. २०१७ साली कर आला तेव्हाच तशी सूट देण्यात आली. परंतु त्याच सूचनेत कंस टाकून क्रेडिट कार्ड सेवेतील व्याज या सुटीतून वगळण्यात आले. म्हणजे कारखानदाराने कोट्यवधींचे कर्ज घेतले तर त्याच्या व्याजावर कर नाही, आणि कारकुनाने मुलाची फी कार्डावर भरून ती फेडता आली नाही तर त्याच्या व्याजावर शंभराला अठरा. बँकेने दर जितका चढवावा तितका सरकारचा वाटाही आपोआप चढतो. पंचेचाळीसचे अशा रीतीने ५३ टक्के होतात.

कोणी म्हणेल की कार्ड हा खुशालचेंडूंचा विषय आहे. कामगार चळवळीने त्याची चिंता का करावी? ही समजूत जुनी झाली. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभी दहा कोटींच्या पुढे गेली. आज कार्ड खिशात बाळगणाऱ्यांत कंत्राटी अभियंता आहे, खाजगी शाळेतील शिक्षिका आहे, दुकानातील विक्रेता आहे. पगार रखडतो, घरभाडे रखडत नाही. इस्पितळ आधी अनामत मागते. पूर्वी अशा वेळी माणूस गिरणीच्या पतपेढीत अर्ज टाकी किंवा नाक्यावरच्या पठाणाकडे जाई. आज पतपेढीला स्थायी नोकरीचा दाखला लागतो, तो कंत्राटी माणसाकडे नसतो. पठाणाची जागा कार्डाने घेतली आहे. जो दरमहा संपूर्ण बिल चुकते करतो त्याला कार्ड फुकटच पडते, वर बक्षिसाचे गुणही मिळतात. व्याज भरतो तो ज्याला पुरत नाही तो.

मग या दरावर अंकुश कोणाचा? येथे वाचकाला एका चक्रव्यूहात शिरावे लागेल.

बँकेला विचारावे तर ती म्हणते, आमचा दर रिझर्व्ह बँकेच्या नियमांना धरून आहे. रिझर्व्ह बँकेला विचारावे तर ती म्हणते, आम्ही दर ठरवत नाही, तो अधिकार बँकांच्या संचालक मंडळांना दिला आहे. ७ मे २००७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळांना बजावले की एका विशिष्ट पातळीपलीकडचे दर सावकारी स्वरूपाचे ठरू शकतात आणि ते बँकव्यवसायाच्या रीतीला धरून नाहीत. ही पातळी कोणती, ते मात्र परिपत्रकात नाही. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत मागितल्याशिवाय कार्ड देण्यास बंदी केली, न भरलेल्या शुल्कांवर व्याजावर व्याज चढविण्यास बंदी केली, कार्ड बंद करण्यास दिरंगाई झाल्यास रोज पाचशे रुपयांचा दंड ठेवला. या सर्व तरतुदी चांगल्या आहेत. दराबाबत मात्र तो खर्चाच्या व वाजवी परताव्याच्या मानाने समर्थनीय असावा, एवढेच. २०२१ च्या लोकपाल योजनेनेही बँकेचा व्यापारी निर्णय हा तक्रारीचा विषय होऊ शकत नाही, असे म्हणून दार लावून घेतले.

एकदा, फक्त एकदा, कोणीतरी आकडा उच्चारला. 'आवाज' या ग्राहक संस्थेच्या व इतरांच्या तक्रारीवर ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने निर्णय दिला की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. एचएसबीसी, सिटीबँक, स्टँडर्ड चार्टर्ड, अमेरिकन एक्सप्रेस या परदेशी बँका सर्वोच्च न्यायालयात धावल्या. २००९ मध्ये स्थगिती मिळाली. या स्थगितीखाली सोळा वर्षांत बँकांनी किती वसूल केले असेल त्याचा अंदाज वाचकानेच करावा. अखेर २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला: दोन पक्षांतील कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगाला नाही, आणि व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील विषय आहे. ज्या रिझर्व्ह बँकेने आपण दराचे थेट नियमन करत नाही असे सांगितले, तिच्याचकडे ग्राहकाला परत पाठविण्यात आले.

न्यायालयाला दोष देऊन भागणार नाही. त्याचे हात संसदेने बांधलेले आहेत, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तेथेच आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात फेब्रुवारी १९८४ पासून कलम २१-अ घालण्यात आले. या कलमान्वये बँक व तिचा कर्जदार यांच्यातील व्यवहार, व्याज अवाजवी आहे या कारणावरून कोणत्याही न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. अवाजवी व्याजाच्या कर्जांविषयीचा १९१८ चा कायदा आणि राज्यांचे कर्जनिवारणाचे कायदे यांनाही त्याने बाजूला सारले. (राज्यांच्या शेतकी कर्जनिवारण कायद्यांपुरती या कलमाची मात्रा चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले, शहरातील पगारदाराला त्याचा उपयोग नाही.)

१९८४ मध्ये या कलमाला निदान एक सबब होती. त्या काळी कोणत्या कर्जाला किती व्याज हे रिझर्व्ह बँकच ठरवीत असे. दर सार्वजनिक संस्थेने ठरविलेला, म्हणून न्यायालयाने त्यात पडू नये, हे तर्कट पटो न पटो, समजण्यासारखे होते. परंतु ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाखांवरील कर्जांचे दर बँकांच्या मर्जीवर सोडण्यात आले, पुढे टप्प्याटप्प्याने बाकीचेही सुटले, आणि कार्डाची थकबाकी तर बँकांच्या मूळ दराशी बांधण्याच्या बंधनातूनही मोकळी ठेवण्यात आली. नियंत्रण गेले, कलम राहिले. दर ठरविणारा आता बँकेचा मालक आहे, आणि त्याच्या दराला संरक्षण मात्र सार्वजनिक दराचे आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला या गोष्टीचा इतिहास माहीत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. परक्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी निवारण कायदा करावा लागला. त्या कायद्याचा गाभा असा की न्यायाधीशाने केवळ कागदावरची सही पाहून हुकूमनामा देऊ नये. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा आणि वाजवी व्याज स्वतः ठरवावे. साम्राज्यशाहीच्या न्यायाधीशाला जो अधिकार शेतकऱ्यांच्या उठावाने मिळवून दिला, तो स्वतंत्र भारताच्या न्यायाधीशाला, सावकार बँक असेल तर, नाही.

आणि सावकार बँक नसेल तर? महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगर-शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. तेच विनातारण कर्ज बँकेने कार्डावरून दिले तर पंचेचाळीस टक्के कायदेशीर. पेठेतल्या सावकाराने हा दर घेतला असता तर सहकार खात्याने त्याच्या दुकानावर धाड घातली असती.

विनातारण कर्ज आहे, बुडीताचा धोका मोठा, म्हणून दर मोठा, असे बँका म्हणतात. धोका आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु बुडविणाऱ्याची भरपाई प्रामाणिकपणे फेडणाऱ्या गरजूकडून करावयाची, हा कोणता न्याय? कार्ड चालते त्या प्रत्येक खरेदीत दुकानदाराकडून कमिशन कापले जाते, वार्षिक वर्गणी, उशिराचा दंड, रोख काढण्याचे शुल्क हे वेगळे. या सर्व मिळकतीचा हिशेब मांडून पंचेचाळीस टक्के कसे लागतात ते एकाही बँकेने जनतेपुढे ठेवलेले नाही. दर उतरविला तर गरिबाला कार्डच मिळणार नाही, असाही धाक घातला जातो. ५३ टक्क्यांचे कर्ज न मिळणे हे प्रत्येक वेळी नुकसानच असते, असे आम्हांला वाटत नाही.

अधिकार नाही, ही रिझर्व्ह बँकेचीही सबब खरी नाही. बँकांना निर्देश देण्याचे अधिकार तिला कलम २१ आणि ३५-अ अन्वये आहेत. राष्ट्रीयीकरणानंतर १९७२ मध्ये सर्वात दुर्बल घटकांसाठी चार टक्के दराची विभेदक व्याज योजना आली, ती वरून ठरविलेल्या दरानेच. २०११ मध्ये सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या कर्जावर तिने २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. पुढे ती पातळ करीत नेली आणि २०२२ मध्ये दरावरचे बंधन काढूनच टाकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर बँकांनी अधिक भांडवल बाजूला ठेवावे असा आदेश तिने तत्काळ दिला, कारण तेव्हा प्रश्न बँकांच्या प्रकृतीचा होता. कर्जदाराच्या प्रकृतीसाठी अशी तत्परता दिसलेली नाही. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०१५ पासून पगारापूर्वीच्या महागड्या कर्जांवर असे बंधन घातले की व्याज आणि शुल्के मिळून मुद्दलाहून अधिक वसुली होता कामा नये. आपल्याकडे याला दामदुपट म्हणतात, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो नियम शंभर वर्षांपूर्वी लावीत असत. लंडनच्या बाजारात जे चालते ते मुंबईच्या बाजारात का चालू नये, हे रिझर्व्ह बँकेने सांगावे.

आमची मागणी त्यामुळे सरळ आहे. कार्डाच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने रेपो दराशी बांधलेली कमाल मर्यादा घालावी, आणि बिलावर वर्षाचा दर करासह छापण्याची सक्ती करावी. एकूण व्याजवसुलीला दामदुपटीचे बंधन असावे. थकबाकीच्या व्याजावरील अठरा टक्के कर केंद्र सरकारने रद्द करावा. त्यासाठी सूचनेतील एक कंस खोडावा लागेल, एवढेच. आणि कलम २१-अ मध्ये संसदेने अशी दुरुस्ती करावी की ज्या कर्जाचा दर रिझर्व्ह बँकेने ठरविलेला नाही, त्याला या कलमाचे संरक्षण मिळणार नाही. संसदेतील कामगारपक्षीय सदस्यांनी या दुरुस्तीचे खाजगी विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, ज्यांना या हिशेबाची खाचखोच आतून ठाऊक आहे, त्याचा मसुदा तयार करण्यास हात द्यावा.