निकालाला कारण हवे

दिल्लीच्या टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय आहे आणि १९४२ साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्टही त्याच रस्त्यावर आहे. परंतु शेजारधर्माने या दोन संस्थांत निवाड्याची रीत एक झाली असेल अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने विद्यार्थ्यांच्या वार्षिक कलाप्रदर्शनास एकदा अवश्य जावे. न्यायालयात (एका ओळीत निकालात निघणारे अर्ज वगळता) हरलेल्या पक्षकारासही आपण का हरलो हे वाचावयास मिळते. कलाप्रदर्शनांत मात्र, आणि हा प्रघात केवळ दिल्लीचा नव्हे, परीक्षक मंडळ दालनांतून फिरते, आपसांत काही कुजबुजते, आणि मग एखाद्या चौकटीखाली पारितोषिकाची चिठ्ठी लागते. ती तिथेच का लागली आणि शेजारच्या मुद्राचित्राखाली का लागली नाही, याविषयी सगळीकडे मौन.

ज्या पुरुषाचे नाव या रस्त्यास दिले आहे त्यास १९०८ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे उभे राहावे लागले होते. सातांनी त्यांस दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा फर्मावली. ज्यूरीने कारणे देण्याची पद्धतच नसल्याने त्या सातांनी ती दिली नाहीत. तरी सातास दोन हा मतभेद निदान दफ्तरी नोंदला गेला. पुढे आपण फौजदारी खटल्यांतून ज्यूरी हद्दपार केली. कलादालनांत ती अजून सुखेनैव नांदते आहे, आणि तिच्यातले दोघे कोण होते हे कधीच कळत नाही.

परीक्षक चुकतात ही माझी तक्रार नाही, ते चुकणारच. १९३५ साली सिमल्याच्या कलासंस्थेने अमृता शेरगिल यांच्या दहा चित्रांपैकी पाच नाकारली आणि स्वीकारलेल्यांपैकी एकास पारितोषिक दिले. मानी अमृतांनी ते परत केले. त्याच वर्षी त्यांनी रंगविलेल्या ‘तीन मुली’ या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले. आज ते चित्र राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात, म्हणजे टिळक मार्ग जिथे इंडिया गेटला मिळतो त्या चौकाच्या कडेस उभ्या असलेल्या जयपूर हाऊसमध्ये आहे. कला महाविद्यालयातून निघालेला विद्यार्थी तिथे पायी पोहोचतो. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या अमृतांच्या अंगी पारितोषिक परत करण्याइतका आत्मविश्वास होता. परंतु बिहारातल्या किंवा हरियाणातल्या एखाद्या गावाहून आलेल्या, घरात चित्रकलेचा गंध नसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने नापसंतीचा काय अर्थ लावावा? आपली रेषा कच्ची, की आपला विषयच परीक्षकांना रुचला नाही? पहिल्या दोषावर मेहनत हा उपाय आहे. दुसऱ्यावर उपाय करू पाहणारा विद्यार्थी पुढल्या वर्षी परीक्षकांच्या आवडीचे चित्र काढतो, आणि कला महाविद्यालयात याहून मोठे नुकसान संभवत नाही.

कलेचे मर्म शब्दांत सापडत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मात्र तो घेणारेच चित्रकार आपल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत स्वतःविषयी पाने भरभरून लिहितात, तेव्हा हे मर्म त्यांना बरे सापडते! वेळेची सबब अधिक खरी आहे. चित्रे, शिल्पे, मुद्राचित्रे, उपयोजित कलेची कामे एवढा पसारा एका दिवसात पाहून होणे कठीण. म्हणून मागणी अल्पच ठेवावी: प्रत्येक पारितोषिकामागे चार ओळींचा सकारण शेरा, मतभेद असल्यास त्याची नोंद, आणि काम नाकारले गेलेल्या ज्या विद्यार्थ्याने लेखी मागणी केली असेल त्यास तेवढेच चार ओळींचे उत्तर. शेरे हिंदीतही असावेत आणि पारितोषिकाच्या चिठ्ठीशेजारीच डकवावेत, म्हणजे पाहुण्यांनाही चित्र आणि निकाल ही दोन्ही ताडून पाहता येतील. अशा शेऱ्यांत पहिल्या वर्षी पुष्कळ पोकळ शब्द येतील. ते भिंतीवर सर्वांसमोर वाचले गेले की दुसऱ्या वर्षी कमी होतील. ज्या थोर कलावंतास ही अट जाचक वाटेल त्यास उद्घाटनाची फीत कापण्यास सन्मानाने बोलवावे, चहापान करावे, आणि परीक्षणाचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.