दक्षिणेकडे तोंड करून

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरातली वडीलधारी बाई कणकेचा दिवा करते आणि तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवते. एरवी त्या दिशेला आपण दिवा लावीत नाही. यमाला नमस्कार झाला, की मंडळी फराळाकडे वळतात. सणाच्या ऐन तोंडावर मरणाची आठवण ठेवणारे आपले पूर्वज काही रडवे नव्हते!

आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही असा एक दिवस असतो, आणि पुष्कळदा तो दिवाळीच्याच आगेमागे येतो. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईपासून गोव्यापर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जातात, थडगी झाडूनपुसून त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. पुढे उपवासकाळ सुरू होतो तोही राखेच्या बुधवारी. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. ती कपाळी लावताना धर्मगुरू भाविकाला आठवण करून देतो, की बाबा रे, तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस.

कोणी म्हणेल, रोज असला विचार करीत बसले तर माणसाच्या हातून काम ते काय होणार? याचे उत्तर इटलीतल्या संत बेनेडिक्टने सहाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. आपल्या मठासाठी त्याने नियम लिहिले. त्यांत एक नियम असा, की मरण रोज डोळ्यांसमोर असू द्यावे. आणि त्याच नियमावलीत स्वयंपाकघराची पाळी कशी करावी हेही सांगितले आहे! आठवड्याची पाळी संपली, की भांडी स्वच्छ करून कोठीवाल्याच्या हवाली करायची. आणि कोठीवाल्याने मठातले प्रत्येक भांडे वेदीवरच्या पवित्र पात्राइतकेच जपायचे. मरणाचा विचार आणि घासलेले पातेले यांचे नाते ते हेच. आपली पाळी संपणार आहे, हे ज्याला ठाऊक असते तो पुढच्यासाठी ओटा खरकटा ठेवीत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत मरण हा शेवट नव्हे. पण हिशेब मात्र चुकत नाही. म्हणूनच राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये, असे संत पौलाने बजावले. उद्याचा सूर्य आपला असेलच, असे कोणी सांगावे?

सारीच कामे आपल्या हातून पुरी होतात असेही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. कधी शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेले. पातेले एका हातातून दुसऱ्या हातात गेले, एवढेच.

तेव्हा वाचकहो, यंदा दक्षिणेकडे दिवा ठेवाल तेव्हा घटकाभर थांबा. कोणाचे उसने द्यायचे राहिले आहे? वाटणीच्या कागदावरून बोलणे टाकलेल्या भावाला भाऊबीजेचे बोलावणे गेले आहे का? नसेल तर आजच धाडा. फराळाचा डबा उद्या भरला तरी चालेल.